मुकी जनावरे आणि सोपाऱ्याचा शिलालेख

आपल्याकडे दिवाळीचा आरंभ वसुबारसेने होतो. गाय-वासराला हळदकुंकू लावून आपण सणाला लागतो, आणि पुढले चार दिवस मुलांच्या हाती जी पुस्तके असतात त्यांत कोल्हा, माकड आणि मगर आपल्याहून शहाणपणाने बोलत असतात. तेव्हा जनावरांना खरोखरच माणसाची बुद्धी व भाषा साधते काय, हा प्रश्न सणासुदीला अगदीच गैरलागू नाही.

परंपरेने त्याचे उत्तर पैठणास दिले आहे. शुद्धिपत्र मागायला आलेल्या ज्ञानदेवांना तिथल्या पंडितांनी समोरच्या रेड्यावरून टोमणा मारला, आणि त्याच रेड्याच्या मुखातून वेद वदविले गेले. सांगणाऱ्याचा सारा भर त्या वेदघोषावर असतो. मला मात्र कथेचा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. आसूड रेड्याच्या पाठीवर पडले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. वळ पाहूनही ज्यांचे समाधान होईना, त्यांना वेद ऐकवावे लागले!

चमत्कार सोडला तर आपला नंदीबैल आहेच. गुबगुबी वाजते, मालक पावसाचे विचारतो, बैल मान डोलावतो आणि आपण हसतो. बर्लिनमध्ये मात्र १९०४ साली हान्स नावाच्या घोड्याने विद्वानांची झोप उडविली. बेरीज घाला, वजाबाकी घाला, हा खुराने तितके ठोके देई. त्याचा मालक फॉन ओस्टेन शिक्षकी केलेला गृहस्थ; त्याच्या मनात लबाडी नव्हती. अखेर ऑस्कार फुंग्स्टने कोडे उलगडले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचे गणित चुके. योग्य ठोका पडताच माणसाचे डोके नकळत किंचित हले, तेवढे तो टिपत होता. म्हणजे त्याला अंक वाचता येत नव्हते, माणूस वाचता येत होता. याला निर्बुद्धपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हत्तीची गोष्ट याहून जुनी. आमची वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात असतानाच, १५७८ साली, क्रिस्तोव्हाव द कॉस्ता या वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरचा ग्रंथ स्पेनमध्ये छापला गेला; त्याच्या शेवटी हत्तीवर एक प्रकरण आहे. कोचीनच्या एका हत्तीला, पोर्तुगालच्या राजासाठी एवढे गलबत पाण्यात लोट, अशी विनवणी केली, तेव्हा तो 'हू, हू' म्हणजे मलबारी बोलीत 'करतो, करतो' म्हणाला, अशी त्याने हकीकत दिली आहे. थापच ती, असे कोणीही म्हणेल. पण दक्षिण कोरियातील कोशिक नावाचा हत्ती सोंड तोंडात घालून पाच कोरियन शब्द स्पष्ट उच्चारतो, हे २०१२ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. अर्थ त्याला कळतो असा पुरावा मिळाला नाही. पाचेक वर्षे त्याच्याजवळ दुसरा हत्तीच नव्हता, होती ती माणसे. त्यांच्याशी नाते जुळावे म्हणून तो हे शिकला असावा, असा त्यांचा तर्क.

या सर्वांत मिळून एकही गोष्ट सांगणारा निघाला नाही. माणसाच्या भाषेची बरोबरी त्यांच्याने होत नाही, हे मी निःसंकोच म्हणतो. पण मग त्यांच्याशी कसे वागावे, हा प्रश्न तेवढ्याने सुटतो काय?

पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्याच भुईगावात सापडला. आठव्यात राजा सांगतो, की पूर्वीचे राजे मृगयेच्या विहारयात्रा करीत, आपण धर्मयात्रा आरंभिल्या. नवव्यात खरे मंगल कोणते ते आहे: दासांशी व सेवकांशी नीट वागणे, गुरूंचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम. प्राण्याला बोलता येते की नाही, ही चौकशी त्यात नाही. आणि राजा ढोंगीही नव्हता. गिरनारच्या पहिल्या लेखात तो स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशेब देतो: पूर्वी कालवणासाठी रोज लक्षावधी प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नेहमी नाही, पुढे हे तिघेही मारले जाणार नाहीत.