रिकाम्या कुशीचा बोल

साताऱ्याचे राज्य रणांगणावर बुडाले नाही; ते पाळणा हलला नाही म्हणून बुडाले. 5 एप्रिल 1848 रोजी छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले. औरस पुत्र नसल्याने मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने तो नामंजूर केला आणि शिवछत्रपतींची गादी खालसा झाली. पुढे 1857 च्या वणव्यात हात पोळल्यावर इंग्रजांनी संस्थानिकांचा दत्तकाचा हक्क मान्य केला. म्हणूनच सांगलीचे धुंडिराज तात्यासाहेब पटवर्धन 1901 साली निपुत्रिक वारले तरी त्यांचे संस्थान टिकले आणि 1903 साली चिंतामणराव आप्पासाहेब दत्तक येऊन गादीवर बसले. पुढे संस्थानेच विलीन झाली, 1949 साली ‘दक्षिण सातारा’ असा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. अशा या दोन शेजारी गावांच्या इतिहासात मूल नसणे ही गोष्ट केवढी मोठी!

राजघराण्याला दत्तकाची सोय होती. रयतेच्या घरात मात्र उपाय ठरलेला असे: दुसरी बायको. दोष पुरुषाकडे असू शकेल ही शंका कुणाच्या मनात येत नसे. थोरलीने पाणी भरावे, धुणी धुवावी, धाकटीचे बाळंतपण करावे आणि ओटीभरणाच्या वेळी मात्र माजघरात तोंड लपवून बसावे. मुंबई प्रांताने 1946 साली हिंदूंच्या द्विभार्येला बंदी केली आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू झाली. सवतीची वाट कायद्याने बंद झाली. बोल लावणारी जीभ मात्र कोणत्या कायद्याने बंद व्हावी?

त्या साऱ्या बायकांपैकी कुणाला कोणता विकार होता, हे आज कोणी धन्वंतरीही सांगू शकणार नाही. परंतु पाळी महिनोन्‌महिने न येणे, हनुवटीवर राठ केस उगवणे, मानेवरची कातडी काळवंडणे आणि कूस न उजवणे ही लक्षणे कधी कधी एकाच बाईत एकत्र दिसत, आणि तिच्याकडे दैवाने खोड काढलेली बाई म्हणून पाहिले जाई. आज या लक्षणसमूहाला डॉक्टर पीसीओएस म्हणतात. आमच्या शाळेतल्या पोरी त्याला पीसीओडी म्हणतात. मी वैद्य नव्हे. मुलांना इतिहास शिकवणारी आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारी बाई. पण या विकाराच्या शोधाची हकीकत वाचू लागले, तेव्हा ती मला कोणत्याही बखरीइतकीच चित्तवेधक वाटली. कारण ती जशी रोगाच्या शोधाची कथा आहे, तशीच ‘दोष कुणाचा?’ या प्रश्नाकडून ‘घडते कसे?’ या प्रश्नाकडे माणसे कशी आली, याचीही आहे.

चरकाने स्त्रीरोगांचे वीस प्रकार सांगितले आहेत. त्यातला अमुक एक म्हणजेच आजचा हा विकार, अशी ओढाताण मी करणार नाही. उघड्या डोळ्यांनी बीजकोश पाहून केलेली जुनी नोंद सापडते ती इटलीत. पादुआच्या विद्यापीठातील अंतोनियो वालिस्निएरी या पंडिताने 1721 साली एका तरुण, विवाहित, किंचित स्थूल व अपत्यहीन शेतकरी स्त्रीचे वर्णन केले: तिचे बीजकोश मोठे, उंचसखल, पांढरे व चकचकीत होते, कबुतराच्या अंड्यांसारखे. दोनशे वर्षे ती नोंद तशीच पडून राहिली.

1935 साली अमेरिकेत शिकागोच्या आयर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. सातही जणींची पाळी बिघडलेली, सातही जणींचे बीजकोश फुगलेले. डॉक्टरांनी पोट उघडून दोन्ही बीजकोशांचा मोठा भाग पाचरीसारखा कापून काढला. नवल असे की, सातही जणींची पाळी सुरळीत झाली आणि दोघींना दिवस गेले! झाले, रोगाला नाव मिळाले आणि नावाबरोबर चूकही चिकटली. सुरीला जे दिसले तेच रोगाचे मूळ, असे सर्वांनी धरून चालले. वास्तविक ज्यांना गाठी म्हटले त्या गाठी नव्हतच. दर महिन्याला काही बीजपुटके वाढीस लागतात, त्यातले एक पिकते व फुटते. या विकारात ती अर्ध्या वाटेवर थबकतात आणि बीजकोशाच्या कडेला मोत्यांच्या सरासारखी बसून राहतात. थबकतात कशाने, हे सुरीला दिसणे शक्यच नव्हते. शिवाय पोटात काप घेतल्याने आतले अवयव एकमेकांना चिकटत आणि कधी कधी त्यामुळेच गर्भाची वाट अडे.

सुरी आणि मेज आमच्या मुलखाला नवीन नव्हते. कॅनडातून आलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 साली सांगलीत दवाखाना घालून बसले आणि 1894 साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. मिरज रेल्वेचे जंक्शन. दूरदूरची माणसे तेथे उतरू लागली. पुढे 1962 साली मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि 1984 साली कऱ्हाडला कृष्णाकाठी आणखी एक. ज्या मुलखात मूल नसलेली बाई आधी देवऋष्याकडे जायची, तेथे ती डॉक्टरकडे जाऊ लागली, ही लहान क्रांती नव्हे. पण डॉक्टराकडे नेणे वेगळे आणि नेमके काय बिघडले हे डॉक्टरालाही उमगणे वेगळे.

ते उमगण्याचा रस्ता वळणावळणाचा निघाला. 1956 च्या सुमारास अमेरिकेत फ्रँक पॅलोपोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोमिफिन हे औषध तयार केले. 1961 साली रॉबर्ट ग्रीनब्लॅट यांनी दाखवून दिले की, ज्यांचे बीज सुटत नाही अशा स्त्रियांत या गोळ्यांनी ते सुटते. जे काम पोट फाडून होई, ते चार-पाच दिवसांच्या गोळ्यांनी होऊ लागले. ही गोळी मेंदूला जणू चकवते. शरीरात स्त्रीरस कमी पडला आहे असे वाटून मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बीजकोशाला जोराने हाक घालते. म्हणजे कळ बीजकोशात नव्हती. ती वर होती!

आणि आणखी एक कळ भलत्याच ठिकाणी सापडली. पॅरिसच्या आशार व तिएर या डॉक्टरांनी 1921 सालीच दाढी उगवलेल्या मधुमेही स्त्रियांची नोंद केली होती. 1980 साली अमेरिकेतल्या संशोधकांना दिसले की, या विकारात रक्तातले इन्शुलिन आणि पुरुषी रस दोन्ही जोडीने वाढतात. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते जास्तच ओतते. ते जास्तीचे इन्शुलिन बीजकोशाला पुरुषी रस करायला लावते, आणि बीज पिकणे थांबते. साखर ही आमच्या दोन्ही जिल्ह्यांची लक्ष्मी. तिचा रक्तातला हिशेब पाळीच्या हिशेबाशी असा बांधलेला असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम आठवल्यावाचून राहत नाही. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा व त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. आमच्या बाळाचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळाचे 3.5 किलो. पण एवढ्याशा आमच्या बाळाच्या अंगात मांस कमी नि चरबी त्या मानाने जास्त! हाडकुळ्या दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, त्याचे एक उत्तर या खेड्यांनी दिले. हे संशोधन पीसीओएसचे नव्हे. पण ‘पोरगी तर काडीसारखी, तिला कसला आलाय हा रोग?’ असे म्हणणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

इन्शुलिनचे सूत्र हाती आल्यावर मधुमेहाचे मेटफॉर्मिन या रोगात वापरले जाऊ लागले. 1994 साली व्हेनेझुएलातून त्याचा पहिला अनुभव प्रसिद्ध झाला. सर्वांना वाटले, गड सर झाला. मग 2007 साली अमेरिकेत 626 स्त्रियांवर रीतसर तुलना झाली: नुसत्या क्लोमिफिनने 22.5 टक्के स्त्रियांना मूल झाले, नुसत्या मेटफॉर्मिनने 7.2 टक्के. अनुभव गोड असतो. मोजमाप कडू असते, पण औषध तेच.

आपल्या देशातला एक अध्याय तर मुद्दाम सांगण्याजोगा आहे. लेट्रोझोल हे मुळात स्तनांच्या कर्करोगावरचे औषध. 2001 साली कॅनडातील मितवाली व कॅस्पर यांनी बीज सुटण्यासाठी त्याचा उपयोग दाखविला. 2005 साली एका छोट्या निबंधाने बाळांत व्यंग येण्याची भीती घातली. पुढच्याच वर्षी 911 बाळांच्या पाहणीत ती भीती खरी ठरली नाही. तरीही 2011 च्या ऑक्टोबरात भारत सरकारने वंध्यत्वासाठी या औषधाला बंदी केली. 2014 साली अमेरिकेत 750 स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली: लेट्रोझोलने 27.5 टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफिनने 19.1 टक्के. आपली बंदी उठली ती 2017 साली. सावधगिरी वाईट नव्हे. पण ज्या बाईचे वय तिशीकडून पस्तिशीकडे गेले, तिला ती वर्षे कोणते राजपत्र परत करणार? आज जगातले जाणते वैद्य याच औषधाला पहिली पसंती देतात.

मुंबईच्या परळमधील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 15 ते 24 वर्षांच्या 778 मुलींची पाहणी केली. ती 2014 साली प्रसिद्ध झाली. रॉटरडॅम येथे 2003 साली ठरलेल्या निकषाने 22.5 टक्के मुलींत हा विकार भरला. दुसऱ्या, अधिक कडक निकषाने 10.7 टक्के. मुली त्याच, मोजपट्टी बदलली आणि रोगी निम्म्यावर आले! यातून रोग खोटा ठरत नाही. पण नुसत्या सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर कोवळ्या पोरीच्या कपाळी शिक्का मारू नये, एवढे खास ठरते. जागतिक मार्गदर्शिकाही हेच सांगते की, पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. वयात येताना बीजकोश तसे दिसणे स्वाभाविकच असते.

असो. माझ्या वर्गात नववी-दहावीच्या मुली बसतात. हनुवटीला ओढणी लावून बोलणारी एखादी असतेच. तिच्या आईला डॉक्टरकडे जा म्हटले, तर उत्तर ठरलेले: ‘लग्न झालं की होतंय आपोआप सरळ, बाई.’ आणि लग्नानंतर सरळ न झाले की तेच घर तिला बोल लावणार. वाचकहो, या विकाराला मुळासकट उपटणारे औषध अजून निघालेले नाही. पण वेळेवर लक्ष गेले, खाण्याला नि हालचालीला शिस्त आली, वजन थोडे जरी उतरले, तरी पाळी पुष्कळदा मार्गावर येते. पुढचा मधुमेह टाळता वा लांबवता येतो. आणि मूल हवे असेल तर बहुतेकींना ते होते. मनाची उदासी हीही याच दुखण्याची बहीण आहे आणि तिचीही विचारपूस करावी, हे आता वैद्यच सांगतात.

पादुआच्या त्या शेतकरणीचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. शिकागोच्या सात जणींचीही नावे आपल्याला ठाऊक नाहीत. या साऱ्या ज्ञानाचे मोल त्यांनी आपल्या देहाने चुकते केले आहे. एवढे महागडे ज्ञान हाताशी असताना आपण अजून सुनेच्या पत्रिकेत दोष शोधत बसावे, याला काय म्हणावे?