मत आणि मताचं वजन

मताचा हक्क वेगळा नि मताचं वजन वेगळं. आमच्या कर्जत-खालापूरच्या गावागावांत बौद्धवाडीत घरं मोजकीच. निवडणुकीला पुढारी येतो, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतो नि जातो. त्याचं आमच्यावाचून अडत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना दोन मतं होती. एक स्वतःच्या मतदारसंघात, दुसरं सर्वसाधारण. त्या दुसऱ्या मतासाठी सवर्ण उमेदवारालाही आमच्या दारी यावं लागलं असतं! गांधीजींच्या उपोषणामुळं २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा वाढून १४८ झाल्या, पण शेवटची निवड सगळ्यांनी मिळून करायची. १९५२ ला उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब पडले, काँग्रेसचे काजरोळकर आले.

अमेरिकेत काळ्या पुरुषांना १८७० सालीच हक्क मिळाला. दक्षिणेत मात्र वाचनाची परीक्षा, मतदानाचा कर लावून तो काढून घेतला. १९६५ च्या कायद्यानं तो परत आला. पुढं काही मतदारसंघ असे आखले की काळे मतदारच तिथं बहुसंख्य. आमच्या राखीव जागेवर उमेदवार आमचा, बहुसंख्य मतदार दुसरे. मग निवडून गेलेला माणूस सभागृहात तोंड उघडण्याआधी मागं वळून बघतो. कुणाकडं, ते सांगायला नको.