'प्रोजेक्ट'ची जुनी आवृत्ती स्वस्तात मिळते, पण घ्यायची कोणती? ठेकेदार व छोट्या व्यावसायिकांनी खरेदीआधी हे वाचाच

आर्णी : पाण्याची टाकी असो, पाणंद रस्ता असो की शाळेची खोली, काम मिळालं की कोणता टप्पा कधी सुरू होणार, कधी संपणार याचा तक्ता म्हणजेच बार चार्ट अनेकदा द्यावा लागतो. मोठ्या कंपनीकडून पोटठेका घेतला तर वेळापत्रकाची फाईलच संगणकावर येते. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे सॉफ्टवेअर बरंच वापरलं जातं. ते ऑफिसच्या पॅकेजमध्ये येत नाही, वेगळं विकत घ्यावं लागतं आणि नवीन आवृत्ती महाग पडते. त्यामुळे तालुक्यातला नवा ठेकेदार किंवा अभियंता साहजिकच जुन्या आवृत्तीकडे वळतो. जुनी आवृत्ती घेणे चुकीचे नाही. मात्र चार गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१) सपोर्ट कधीपर्यंत?
सपोर्ट संपला म्हणजे सॉफ्टवेअर बंद पडत नाही. पण कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणे थांबते. तारखा अशा :
- प्रोजेक्ट २०१० : १३ ऑक्टोबर २०२० रोजी संपला
- प्रोजेक्ट २०१३ : ११ एप्रिल २०२३ रोजी संपला
- प्रोजेक्ट २०१६ व २०१९ : १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला
- प्रोजेक्ट २०२१ : १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत
- प्रोजेक्ट २०२४ : ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला. म्हणजे जुना लॅपटॉप आणि त्यात जुनं सॉफ्टवेअर घेतलं, तर दोन्हीकडून दार उघडं राहतं.

२) लायसन्स कोणत्या प्रकारचं?
दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता पंचवीस अक्षरांची 'की' पाठवतो आणि काम झालं म्हणतो. पण नुसती की म्हणजे लायसन्स नव्हे. रिटेल लायसन्स एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर टाकता येतं. ओईएम लायसन्स ज्या मशीनसोबत आलं त्याच मशीनला बांधलेलं असतं. व्हॉल्यूम लायसन्स कंपनी किंवा संस्थेच्या नावाने असतं. त्यातली एक की सुटी करून विकता येत नाही. मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळणाऱ्या की बऱ्याचदा याच प्रकारातल्या असतात. आज चालू होतात, पुढे कंपनीने ब्लॉक केल्या की पैसे गेले.

३) आपल्या मशीनवर चालेल का?
प्रोजेक्ट २०१९ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना विंडोज १० किंवा ११ लागते; विंडोज ७ वर त्या चालत नाहीत. ऑफिस ३२ बिटचं असेल तर प्रोजेक्टही ३२ बिटचंच टाकावं लागतं, ६४ असेल तर ६४. २००७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत नवीन 'एमपीपी' फाईल नीट उघडत नाही. त्यामुळे आपण ज्यांना फाईल पाठवणार, ते कोणती आवृत्ती वापरतात हे आधी फोन करून विचारावं.

४) पक्कं बिल मिळणार का?
बिलावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, सॉफ्टवेअरचे व आवृत्तीचे पूर्ण नाव असावे. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला धंद्यासाठी केलेल्या खरेदीवर तो नियमाप्रमाणे वळता करून घेता येतो. कच्च्या चिठ्ठीवर हा फायदा मिळत नाही.

'क्रॅक' टाकून घेतलं तर?
सेकंडहँड लॅपटॉप घेताना 'सगळे सॉफ्टवेअर टाकून देतो' असं सांगितलं जातं. इथेच खरा धोका आहे. ई-टेंडर भरताना डिजिटल सहीचे टोकन याच लॅपटॉपला लावलं जातं, बँकेचे व्यवहारही यावरच होतात. क्रॅकसोबत आलेला व्हायरस पासवर्ड चोरू शकतो किंवा सगळ्या फाईली लॉक करू शकतो. टेंडरच्या शेवटच्या दिवशी असं झालं तर कामच हातचं जातं.

कायद्याचाही प्रश्न आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार, माहीत असूनही चोरीची प्रत संगणकावर वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

बजेट नसेल तर फुकटातला पर्याय
प्रोजेक्टलिब्रे आणि गॅन्टप्रोजेक्ट ही दोन सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या मोफत आहेत. दोन्हींत बार चार्ट तयार होतो आणि 'एमपीपी' फाईलही घेता येते. मात्र डाउनलोड त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. वीस-पंचवीस टप्प्यांचं काम असेल तर एक्सेलमधला तक्ताही पुरतो. आधी मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका कामाचा चार्ट करून पाहावा. अडलं तरच पैसे खर्चावे.

फसवणूक झाल्यास
ऑनलाइन पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. धंद्यासाठीची खरेदी एरवी ग्राहक कायद्यात बसत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू बसते. त्यासाठी बिल, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याशी झालेलं व्हॉट्सअॅप चॅट जपून ठेवावं.