ॲविप्टाडिल

व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड, म्हणजेच व्हीआयपी, या नैसर्गिक संप्रेरकाचे कृत्रिम रूप. रेणू २८ ॲमिनो आम्लांच्या साखळीचा. कोविड-१९च्या गंभीर रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली.

सामी सईद आणि व्हिक्टर मुट यांनी १९७० मध्ये डुकराच्या आतड्यातून व्हीआयपी वेगळा केला. सईद मूळचे फुप्फुसतज्ज्ञ. आतड्यात सापडलेला हा पेप्टाइड श्वसनमार्गातही काम करतो, हे पुढे स्पष्ट झाले. तो मुख्यतः चेतातंतूंच्या टोकांतून स्रवतो, रक्तवाहिन्या व श्वासनलिका सैल करतो आणि दाह भडकवणाऱ्या सायटोकाइनांना आवर घालतो. वायुकोशांतील दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर त्याचे ग्राही असतात. वायुकोश मिटू न देणारे सरफॅक्टंट याच पेशी तयार करतात, आणि कोरोना विषाणूचा हल्लाही यांच्यावरच होतो. साहजिकच या औषधाकडून मोठी आशा धरली गेली.

रक्तात व्हीआयपी जेमतेम दोन मिनिटे टिकतो. त्यामुळे औषध शिरेतून सलग बारा तास, रोज मात्रा वाढवत, तीन दिवस द्यावे लागे. रक्तदाब उतरणे आणि जुलाब हे ठळक दुष्परिणाम. त्यात नवल नाही: स्वादुपिंडातील काही गाठी व्हीआयपी बेसुमार सोडतात, तेव्हा रुग्णाला दिवसाला कित्येक लिटर पाण्यासारखे जुलाब होतात.

अमेरिकेतील १९६ रुग्णांच्या पहिल्या चाचणीत मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही; इतर आकडे मात्र आशादायक दिसले आणि त्यांचाच गाजावाजा झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तातडीच्या वापराची परवानगी नाकारली. त्यानंतरची ‘टेसिको’ चाचणी निर्णायक ठरली. तीत उच्च प्रवाहाने दिलेला प्राणवायू किंवा व्हेंटिलेटर लागलेले रुग्ण होते. उपयोग दिसत नसल्याने ती २०२२ मध्ये थांबवली गेली. नव्वद दिवसांतील मृत्यू ॲविप्टाडिल गटात ३८ टक्के, तर नकली औषधाच्या गटात ३६ टक्के होते. त्याच वर्षी भारतात मात्र हे औषध औषध महानियंत्रकांच्या मंजुरीने बाजारात आले. रेमडेसिविरसाठी औषधांच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगा महाराष्ट्राने आदल्याच वर्षी पाहिल्या होत्या. सुदैवाने ॲविप्टाडिलसाठी तशी झुंबड उडाली नाही.

डेक्सामेथासोनशी तुलना करणे येथे योग्य ठरेल. संप्रेरकच, पण पेप्टाइड नव्हे, स्टेरॉइड. जुने आणि स्वस्त. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे २८ दिवसांतील मृत्यू त्याने ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आणले. ॲविप्टाडिलच्या बाजूने उपपत्ती भक्कम होती, पुरावा नव्हता. कोविडसाठी ते देण्याचे आज कारण उरलेले नाही. मात्र फेंटोलामाइन या औषधासह शिश्नात टोचण्याचे इंजेक्शन म्हणून युरोपातील काही देशांत लैंगिक दुर्बलतेवर त्याचा वापर होतो.