दिलाराम ते मजुमदारवाडा

मेघदूतातील यक्षाची नगरी ती अलका. विरहाने व्याकुळ झालेल्या त्या यक्षाने आषाढातील मेघाला आपला दूत मानले. मेघ होता तसाच होता. पालटले होते ते पाहणाऱ्याचे मन. वडोदऱ्यातील अलकापुरी त्याच नगरीचे नाव मिरविते, आणि मन जगाला कसे रूप देते ह्या प्रश्नाचा एक बोधप्रद इतिहास ह्याच शहरी घडला.

अलकापुरीतील दिलाराम बंगल्यात एप्रिल १८९२ मध्ये परिव्राजक स्वामी विवेकानंद बडोदे संस्थानचे दिवाण मणिभाई जशभाई यांचे अतिथी होते. अल्प वास्तव्यानंतर ते मुंबईकडे निघाले. पुढे फेब्रुवारी १८९३ मध्ये श्रीअरविंद सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले. एकाच नगरीशी संबंध आला, परंतु उभयतांची भेट झाली नाही.

१९०६ मध्ये श्रीअरविंदांनी बडोदे सोडले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची राष्ट्रसभा दुभंगल्यावर ते येथे परतले. त्यांचे बंधू बारींद्र यांनी विष्णु भास्कर लेले ह्या महाराष्ट्रीय योग्यांना पाचारण केले. सरदार मजुमदारांच्या वाड्यातील एका खोलीत उभयतांनी तीन दिवस एकांत केला. लेल्यांचा उपदेश साधा होता : विचार बाहेरून येतात, ते येताना पाहावे आणि आत शिरण्यापूर्वीच दूर सारावे. त्याप्रमाणे केल्यावर श्रीअरविंदांचे मन निःशब्द झाले आणि सारे जग ब्रह्माच्या पटावर हलणाऱ्या रिकाम्या आकृतींसारखे भासू लागले. लेले भक्तिमार्गी होते. असा परिणाम त्यांनाही अपेक्षित नव्हता.

येथेच खरी कसोटी होती. जग जर छायारूप, तर देशकार्य कशासाठी? शिवाय १९ जानेवारी १९०८ रोजी मुंबईच्या सभेत बोलावयाचे होते, आणि मनात तर एकही विचार उरला नव्हता. लेल्यांनी सांगितले, श्रोत्यांना नारायण समजून नमस्कार करावा आणि वाट पाहावी. वाणी आपोआप येईल. तसेच घडले.

त्याच वर्षी मे महिन्यात श्रीअरविंदांना अटक झाली. अलीपूरच्या तुरुंगातील सुमारे एका वर्षानंतर ते निर्दोष सुटले. ३० मे १९०९ रोजी उत्तरपाडा येथील भाषणात त्यांनी सांगितले की, कारागृहाच्या भिंतीत, वृक्षात, कैद्यांत आणि न्यायाधीशातही आपल्याला वासुदेव दिसला. १९०२ मध्येच समाधिस्थ झालेल्या विवेकानंदांची वाणी त्याच कोठडीत पंधरवडाभर जाणवल्याचेही त्यांनी पुढे नमूद केले. बडोद्यात न झालेली भेट अशी अलीपुरात झाली.

मनाने दगड निर्माण केला, असा ह्याचा अर्थ नव्हे. भिंत दगडाचीच राहिली आणि तिने त्यांना वर्षभर कोंडूनही ठेवले. परंतु त्याच भिंतीआड तुरुंग पाहावा की मंदिर, हा निर्णय मनाचा होता. आधी रिते भासलेले जग पुढे नारायणाने भरून गेले, आणि त्या दर्शनातून कर्माला नवे बळ लाभले.

२००५ पासून दिलाराम बंगला रामकृष्ण मिशनकडे आहे. तेथे क्षणभर शांत बसणाऱ्या भक्ताने बाहेरच्या रस्त्यावरील गजबजाटाला दोष देऊ नये. दारातून आत येणारा प्रत्येक विचार तेवढा ओळखावा. साधनेचा आरंभ तेथूनच होतो.