तोट्यातला ॲम्प्लिफायर



तुमच्या घरातलं नववी-दहावीतलं पोर एक दिवस म्हणालं, "मला ॲम्प्लिफायर विकत नकोय, घरी बनवायचाय, आणि तोही क्लास ए," तर तुम्ही आधी काय विचाराल? मी भारतातली सीए, इथेही हिशेबाचंच काम करते. माझा प्रश्न ठरलेला: खर्च किती, आणि हातात काय येणार? प्रश्न रास्तच आहे. गंमत अशी, की अमेरिकेत एकेकाळी याचं उत्तर "फायदा" असं होतं. आज ते सरळसरळ "तोटा" आहे, आणि तरी लोक बनवतायत. हे कसं झालं, ते सांगण्यासारखं आहे.

आधी क्लास ए म्हणजे काय ते बघू. आवाजाची लाट वर-खाली होते. क्लास बी पद्धतीत दोन ट्रान्झिस्टर काम वाटून घेतात, वरचा अर्धा भाग एकाचा, खालचा दुसऱ्याचा. पण खो-खोत खो देताना क्षणभर गडबड होते ना, तशी इथे बदलाच्या जागी लाट किंचित मोडते. नेहमीचे बरेच ॲम्प्लिफायर दोन्ही ट्रान्झिस्टरांना थोडा करंट सतत देऊन ती मोड कमी करतात. क्लास एमध्ये ट्रान्झिस्टर बसतच नाही. गाणं चालू असो वा नसो, करंट पूर्ण वाहत राहतो. दुकानात गिऱ्हाईक असो वा नसो, नोकराचा पगार चालू, तसं. आमच्या भाषेत हा स्थिर खर्च.

आकड्यांत सांगते. ब्रिटनच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एप्रिल १९६९ मध्ये जे. एल. लिन्स्ली हूड यांनी घरी बनवता येईल असा एक क्लास ए ॲम्प्लिफायर छापला. एका चॅनलला फक्त ४ ट्रान्झिस्टर. ८ ओहमच्या स्पीकरसाठी २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर, म्हणजे सुमारे ३२ वॅट सतत खर्च. त्यातून आवाज मिळतो जास्तीत जास्त १० वॅट. बाकी सगळी उष्णता! म्हणून या यंत्राला हीटसिंकची मोठमोठी ॲल्युमिनियमची पाती लागतात. कार्यक्षमतेच्या रकान्यात हा नापास. पण सर्किट इतकं छोटं, की शाळकरी मुलाला कागदावर बोट ठेवून समजावता येतं.

आता अमेरिकेकडे येऊ. मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची हीथ कंपनी आधी विमानाची किट विकायची. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे उरलेले इलेक्ट्रॉनिक भाग स्वस्तात मिळाले, आणि १९४७ मध्ये त्यांनी घरी जोडायच्या ऑसिलोस्कोपचं किट काढलं. त्याच वर्षी 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांचा व्हॉल्व्हवर चालणारा, क्लास ए पद्धतीचा, १५ वॅटचा ॲम्प्लिफायर छापून आला आणि तो जगभर गाजला. पुढे हीथकिटनेही विल्यमसन धर्तीच्या ॲम्प्लिफायरची किट विकली.

लोक ती का घेत होते? तेव्हा यंत्राच्या आतल्या तारा माणसं हाताने जोडायची आणि अमेरिकेत मजुरी महाग. ती मजुरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्हीच केलीत की पैसे वाचायचे. सोबतचं पुस्तक इतकं तपशीलवार असायचं, की एकेक तार जोडायची आणि त्या ओळीपुढच्या चौकोनात खूण करायची. ऑडिट चेकलिस्टच म्हणा ना!

मग छापील सर्किट बोर्ड आले, आयसी आल्या, यंत्रं जोडणी करू लागली, आशियातल्या कारखान्यांतून तयार माल येऊ लागला. सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा तयार वस्तू स्वस्त झाली. हीथकिटने १९९२ मध्ये किट बंद केली. माझ्यासारखीने तिथेच खातं बंद केलं असतं.

पण खातं बंद झालं नाही. कॅलिफोर्नियातले नेल्सन पास हे ॲम्प्लिफायर बनवून विकणारे गृहस्थ. १९७४ मध्ये त्यांनी इतरांबरोबर थ्रेशोल्ड ही कंपनी काढली, १९९१ मध्ये पास लॅब्ज. पण १९७८ सालीच 'ऑडिओ ॲमॅच्युअर' या नियतकालिकात त्यांनी ए-४० या क्लास ए ॲम्प्लिफायरचं सर्किट छापून टाकलं होतं, घरी बनवणाऱ्यांसाठी. १९९४ मध्ये, म्हणजे हीथकिट थांबल्यावर दोनच वर्षांनी, त्यांनी 'झेन' दिला, ज्यात आवाज वाढवणारी पायरी एकच. २०१२ च्या सुमारास अगदी नवख्यांसाठी 'ॲम्प कॅम्प ॲम्प' आला. तो लॅपटॉपच्या चार्जरसारख्या बाहेरच्या सप्लायवर चालतो, त्यामुळे भिंतीतला १२० व्होल्टचा प्रवाह डब्यात येतच नाही. धंद्यातला माणूस आपले नकाशे असे वाटत सुटतो, हे मला अजून नवल वाटतं.

पैसे वाचवायचं कारण संपलं, तेव्हा उरलं ते समजून घेण्याचं कारण. म्हणूनच घरी बनवणाऱ्यांमध्ये सगळ्यात उधळ्या क्लास एला इतका मान. वीज खातो, पण काही लपवत नाही.

इथे कुणीतरी अमर बोस यांचं नाव घेणारच. वडील बंगालमधून आलेले क्रांतिकारक, मुलगा फिलाडेल्फियाच्या घरात शाळकरी वयात रेडिओ दुरुस्त करणारा, पुढे एमआयटीचा प्राध्यापक आणि बोस कंपनीचा संस्थापक. गोष्ट खरी आहे. पण हे उदाहरण मी मुलांपुढे ठेवणार नाही. ठेवलं की पोराचा छंद लगेच गुंतवणूक होतो आणि आपण परतावा मोजायला बसतो. परदेशात आल्यापासून आपण मुलांचे तास तसेच तर मोजतोय: हा क्लास कॉलेजच्या अर्जासाठी, ती स्पर्धा शिफारसपत्रासाठी. ॲम्प्लिफायरला सरळ खर्चात टाका. दोन चॅनल रोज ३ तास चालवले तर महिन्याला साधारण ६ युनिट वीज. एवढं परवडतं हो आपल्याला.

बदल्यात काय? आपण मोजलेला करंट आणि हाताला लागणारी ऊब यांचा संबंध पोराला स्वतःला कळतो. आवाज आलाच नाही, तर कुठल्या टोकापासून शोधत जायचं हे कळतं. हे अर्जात लिहिता नाही आलं तरी चालेल.

एवढं मात्र पाळा: पहिलं किट बाहेरच्या सप्लायवर चालणारंच घ्या, सोल्डरिंग करताना चष्मा आणि उघडी खिडकी हवी, आणि चालू असताना हीटसिंकपासून धाकट्यांना लांब ठेवा. चटका बसतो.

आणि तुमच्या घरी कुणा काकांनी, आजोबांनी लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून भाग आणून रेडिओ जोडला असेल, तर या रविवारी फोनवर मुलांना त्यांच्याकडूनच ऐकू द्या. इथेही लिहा. मला वाचायचंय.