काजवे पाहायला, जंगलात मुक्कामाला जाताय? सर्पदंश, विंचूदंश आणि परतल्यावरचा ताप

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात काजवे पाहायला गर्दी होते. पहिल्या पावसात साप-विंचूही बाहेर पडतात. अशा सहलीतला बराचसा धोका टाळता येतो. दंश झालाच, तर रुग्ण किती लवकर दवाखान्यात पोहोचतो यावर पुढचे बरेच काही ठरते.

निघण्यापूर्वी

- मुक्कामापासून जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, तिथे सर्पदंशावरची लस आहे का आणि रात्री गाडी मिळेल का, हे यजमानांना आधीच विचारा. डोंगरात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.
- रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे दोन दिवस जास्तीची घ्या. इनहेलर बॅगेत नको, खिशात ठेवा.
- मधुमेह असेल तर चप्पल घालून किंवा अनवाणी चालू नका. पायाची जखम लक्षात न येता चिघळू शकते.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर सोबतच्या एकाला तरी सांगून ठेवा.

अंधारात चालताना

काजव्यांना त्रास होऊ नये म्हणून बॅटरी बंद ठेवायला सांगतात, ते योग्यच आहे. पण चालताना ती पायाशी, जमिनीकडे धरून लावा आणि थांबल्यावर बंद करा. घोट्याच्या वर येणारे बूट आणि पूर्ण पँट घाला. गवतात, दगडांच्या फटीत हात घालू नका. बूट घालण्यापूर्वी झटकून घ्या.

झोपताना

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश अनेकदा दुखत नाही, सूजही नसते. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. तंबूची चेन पूर्ण बंद करा. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे असे काही झाले, तर दंशाची खूण दिसली नाही तरी लगेच रुग्णालय गाठा.

साप चावल्यास

हे करा:
- रुग्णाला शांत ठेवा, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा.
- अंगठी, बांगड्या, पैंजण, घट्ट बूट काढा.
- १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

हे करू नका:
- आवळून दोरी बांधणे, जखम कापणे, रक्त चोखणे, बर्फ लावणे.
- साप पकडण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवणे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार थांबत नाहीत. ही लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.

विंचू चावल्यास

दंशानंतर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. लाल विंचवाचे विष हृदयावर परिणाम करते, मुलांना विशेष धोका असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यापासून अनेकांचे प्राण वाचले आहेत. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

मधमाश्या उठल्यास

धूर, गोंगाट आणि उग्र अत्तर टाळा. आग्या मोहोळ उठले तर हात न झटकता, तोंड कापडाने झाकून बंद गाडीकडे किंवा घराकडे पळा. काटे नखाने लगेच काढा. अंगभर गांधी, घसा आवळणे, धाप किंवा चक्कर ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. मिनिटांत जीव धोक्यात येऊ शकतो.

घरी परतल्यावर

तीन आठवड्यांत ताप आला, तर तुम्ही जंगलात राहिला होता, चिखलपाण्यात चालला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफसची सुरुवात साध्या तापासारखीच होते. काखेत, जांघेत, कमरेभोवती काळी खपली दिसते का, तेही पाहा. वेळेत निदान झाले तर दोन्ही आजार प्रतिजैविकांनी बरे होतात.